सावलीचं वेळापत्रक

सोलापूरच्या माणसाला कातळ चढायचा असेल तर त्यानं पुण्याची गाडी धरावी, असं आमच्या शहरात कुणीही सांगेल. त्यात खोटं काही नाही. नागफणी, तैलबैला, लिंगाणा, जीवधनशेजारचा वानरलिंगी ही सगळी नावं सह्याद्रीची. आमच्याकडे काळी जमीन, शाळूची ज्वारी आणि नजर पोचेल तिथवर माळ. १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं ते आमच्या नान्नज परिसरात, कारण त्या पक्ष्याला मोकळं, सपाट रान लागतं. सुळके आणि कडे आमच्या वाट्याला आलेच नाहीत.

तरीही मी प्रस्तरारोहण शिकवते ती सोलापुरात राहूनच, आणि मुलांना, मित्रमंडळींना घेऊन जाते ती पश्चिमेला नाही, दक्षिणेला. होटगीवरून गदगकडे जाणारा रेल्वेमार्ग धरायचा, भीमा ओलांडायची, विजापूर मागं टाकायचं, आलमट्टीजवळ कृष्णा ओलांडायची आणि बदामीला उतरायचं. सोलापूरकरांना हे गाव माहीत असतं ते बनशंकरीमुळे. आमच्यातल्या कितीतरी घरांची ती कुलदेवता. आजी-आजोबांबरोबर दर्शनाला गेलेली माणसं देवीच्या रस्त्यावरून ते लाल कडे बघतात आणि परत येतात. त्या कड्यांवर देशभरातून, परदेशातूनही माणसं चढायला येतात, हे त्यांच्या कानावरच आलेलं नसतं.

हा रेल्वेप्रवास म्हणजे माझ्या वर्गातला पहिला तास. खिडकीजवळ बसवून मी सगळ्यांना एकच काम देते: दगडाचा रंग कुठे बदलतो ते सांगा. सोलापूर, विजापूर आणि त्याच्या पुढचा बराच पट्टा बेसॉल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यांचाच हा भाग. विजापूरचा गोलघुमट काळ्या-करड्या बेसॉल्टचा आहे, कारण पायाखाली तोच दगड होता. कृष्णेच्या आसपास या लाव्हाची दक्षिणेकडची कड संपत जाते आणि बागलकोट सोडलं की उघडा पडतो तो वालुकाश्म, म्हणजे वाळूचा घट्ट झालेला दगड. लाव्हा येण्याच्या कितीतरी आधी नद्यांनी आणून टाकलेली ही वाळू. वय बेसॉल्टच्या कित्येक पट. बदामी, पट्टदकल, ऐहोळे इथली देवळं लालसर आहेत ती त्यामुळेच. नकाशा न बघता, फक्त देवळांच्या आणि घरांच्या भिंती बघत गेलं तरी आपण कोणत्या दगडावरून चाललोय ते कळतं. आणखी दक्षिणेला हंपीला पोचलात तर ग्रॅनाइट. तिथल्या गोट्यांवरचं बोल्डरिंग, म्हणजे दोराशिवायची कमी उंचीची चढाई, ख्रिस शर्मा या चढाईकराच्या २००३ सालच्या ‘पिल्ग्रिमेज’ या चित्रपटानं जगभर पोचवलं. सोलापुरातून निघालेल्या माणसाला इतक्या जवळ तीन जातींचा कातळ मिळतो. ही श्रीमंती आम्ही वापरत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

शहराजवळ सरावासाठी काय, असं नवीन मुलं विचारतात आणि बहुतेक वेळा त्यांच्या डोक्यात बंद पडलेल्या खडीच्या खाणी असतात. मी तिथे नेत नाही. खाणीची भिंत सुरुंगानं फोडलेली असते. सुरुंगाच्या धक्क्यानं दगडाच्या आतवर भेगा पडतात, त्या वरून दिसत नाहीत, आणि निसर्गानं हजारो वर्षांत जो सुटा माल खाली पाडला असता तो इथे भिंतीलाच लटकून राहिलेला असतो. हाताला आलेली पकड पेटीएवढा दगड घेऊन बाहेर येते. किल्ल्यांच्या भिंतींवर सराव करायचा तर विचारही नको, मग तो आमचा भुईकोट असो की नळदुर्ग. त्या आपल्या चढण्यासाठी बांधलेल्या नाहीत.

आता हाताखालच्या फरकाविषयी बोलते, कारण माझ्या विषयाचा गाभा तोच आहे.

सह्याद्रीचा बेसॉल्ट थरांचा असतो. एक प्रवाह घट्ट, त्याखालचा सच्छिद्र आणि ठिसूळ. घट्ट थराचा सरळ कडा उभा राहतो, ठिसूळ थर झिजून आत जातो, तिथे गवताची पट्टी आणि घसारा तयार होतो. सह्याद्रीत चढणाऱ्याला प्रत्येक पकड आधी ठोकून बघायची सवय लागते, आणि दोन कड्यांमधला गवताळ टप्पा हा चढाईपेक्षाही जपून पार करायचा असतो. बदामीला पहिल्यांदा हात लावणारा सह्याद्रीतला चढाईकर म्हणूनच थोडा बावचळतो. इथे दगड कोरडा, स्वच्छ, करकरीत. क्वार्ट्झचे कण सिलिकानं घट्ट चिकटलेले, त्यामुळे वालुकाश्म म्हटल्यावर भुसभुशीत काहीतरी डोळ्यापुढे येतं तसा तो मुळीच नाही. थर बहुतांशी आडवे आहेत आणि दोन थरांच्या सांध्यावर बोटांच्या पेरांएवढ्या कडा मिळतात. काही थरांमध्ये तिरक्या रेघा दिसतात. जुन्या नदीच्या प्रवाहानं वाळू ज्या उताराला लोटली, त्याच्या त्या खुणा. चढणाऱ्यासाठी त्या नुसत्या खुणा नाहीत: रेघेच्या उतारानुसार एका बाजूची कड बोटांत बसते आणि उलट्या बाजूची निसटते. हे एकदा समजलं की खालून बघूनच निम्मा मार्ग वाचता येतो.

मला खात्री आहे की चालुक्यांचे कारागीरही हा दगड असाच वाचत होते. पुलकेशी पहिल्यानं शके ४६५ मध्ये, म्हणजे इसवी सन ५४३ साली, या डोंगरावर किल्ला उभारल्याचा लेख इथल्या कातळावरच कोरलेला आहे. तिसऱ्या लेण्यातला मंगलेशाचा लेख शके ५०० चा, म्हणजे इसवी सन ५७८ चा. ही लेणी दक्षिणेकडच्या टेकडीत, तळ्याकडे तोंड करून खोदली आहेत. मी तिथे मुलांना नेते आणि मूर्तींच्या आधी छताकडे बघायला सांगते. आडव्या थराच्या सांध्याचा उपयोग करून छत सपाट काढणं सोपं जातं. उभ्या भेगा कमी आणि थर जाड अशी जागा शोधल्याशिवाय एवढे खांब शाबूत उभे राहत नाहीत. जागा निवडताना त्यांनी ज्या गोष्टी पाहिल्या असतील, त्याच आम्ही बिलेची, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळायची, जागा निवडताना पाहतो. लेण्यांच्या तोंडाची दिशा उत्तरेची आहे, आणि आमच्यासारख्या उन्हात काम करणाऱ्या माणसांना या गोष्टीचं महत्त्व सांगावं लागत नाही.

कारण कोरड्या मुलखात चढाई ताकदीच्या आधी सावलीवर ठरते. मला या लेखात मुख्य सांगायचं आहे ते हेच.

सोलापूर-बदामी हा पट्टा वाळवंट नाही. पण सह्याद्रीनं पाऊस अडवून घेतल्यावर उरतो तो आमच्या वाट्याला येतो. झाडी विरळ, हवा कोरडी, दिवस-रात्रीच्या तापमानात मोठी तफावत. जॉर्डनच्या वाडी रममध्ये किंवा अमेरिकेतल्या युटाच्या लाल मनोऱ्यांवर चढणारे जे नियम पाळतात, त्यातले बरेचसे इथे जसेच्या तसे लागू पडतात. टोनी हॉवर्ड हा चढाईकर आणि त्याचे साथीदार १९८४ मध्ये वाडी रमला पोचले, तेव्हा तिथल्या बदू लोकांना त्या वालुकाश्माच्या डोंगरांवरच्या वाटा आधीच ठाऊक होत्या. रानबकऱ्याच्या शिकारीसाठी ते पिढ्यान्‌पिढ्या तिथे चढत आले होते. कोरड्या मुलखातल्या माणसाला ऊन, पाणी आणि दगड यांचा हिशेब उपजत येतो, असं मला वाटतं. सोलापूरच्या मुलांकडेही तो असतो. फक्त तो कातळावर वापरायचा कसा हे कुणी सांगितलेलं नसतं.

हिशेब असा. बदामी साधारण सोळा अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे सुमारे एक्कावन्न अंशांवर असतो, त्याहून वर येत नाही. म्हणजे उत्तरेला तोंड असलेल्या उभ्या भिंतीवर त्या दिवसांत ऊन पडतच नाही. दक्षिणेकडची भिंत दिवसभर तापते. पूर्वेकडची भिंत सकाळी उन्हात आणि दुपारी बारानंतर सावलीत. पश्चिमेकडची बरोबर उलट. यावरून कुणालाही वाटेल की सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची, झालं. पण दगडाला उष्णता धरून ठेवायची सवय असते. पश्चिमेची भिंत सूर्य मावळल्यावरही बराच वेळ गरम राहते, त्यामुळे संध्याकाळी उशिरा तिथे चढू असं म्हणणाऱ्याची फसगत होते. पूर्वेची भिंत मात्र दुपारपासून निवत आलेली असते आणि दिवेलागणीच्या आधीचा तास-दीड तास तिथे सगळ्यात चांगली पकड मिळते.

थंड दगडावर पकड का मिळते, याचं उत्तर सोपं आहे. गरम दगडाला लागलेल्या बोटांना घाम येतो. बुटांचं रबर जास्त तापलं की मऊ पडून बारीक कडेवरून घसरतं. कोरड्या हवेत बोटांचा घाम लवकर उडून जातो, म्हणून कोकणच्या बाजूला ओल्या हवेत जे अशक्य वाटतं ते इथे जानेवारीच्या सकाळी जमून जातं. एखाद्या मार्गावर दुपारी तीनदा पडलेली मुलगी संध्याकाळी तोच मार्ग सहज चढून जाते आणि म्हणते, “ताई, हातात ताकद आली बघा.” ताकद तेवढीच असते. दगड निवलेला असतो.

थांबणं हे मात्र फार अवघड जातं. सोलापुरातून प्रवास करून आलेल्या मित्रांना उतरल्या उतरल्या दोर लावायचा असतो. आमच्या गटातले दोघे जण कायम कुरकुरतात: “काय बे, नुसतं बसायला आलोय व्हय इथं?” मी त्यांना बसवून ठेवते. त्या वेळात दोर उलगडून तपासून होतो, हार्नेसचे टाके बघून होतात, आणि जो मागून, सेकंड म्हणून, येणार आहे त्याच्याकडून बिलेचा सराव पुन्हा करून घेतला जातो. पुढे चढणाऱ्याचा, म्हणजे लीड करणाऱ्याचा, जीव खालच्या माणसाच्या हातात असतो. मला विचाराल तर चांगला चढणारा तयार करायला एक हंगाम पुरतो, चांगला बिले देणारा तयार व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि आपल्याकडच्या शिबिरांमध्ये या दुसऱ्या गोष्टीला फार कमी वेळ देतात.

बदामीत बोल्ट मारलेले, म्हणजे दोर अडकवायला कातळात लोखंडी खिळे पक्के बसवलेले, मार्ग भरपूर आहेत. भारतीय आणि परदेशी चढाईकरांनी मिळून ते तयार केले. टेंपल एरिया म्हणून ओळखला जाणारा भाग सगळ्यांना माहीत आहे. तिथली चढाई फ्रेंच श्रेणीनं मोजतात. सुरुवात करणाऱ्याला पाच-सहाच्या श्रेणीत पुष्कळ काम मिळतं, आणि ‘गणेश’ हा ८बी प्लस श्रेणीचा मार्ग दीर्घकाळ देशातल्या सर्वांत अवघड मार्गांमध्ये गणला गेला. लोखंडी बोल्ट आहे म्हणून धोका संपला, असं मात्र कुणी समजू नये. खाली उतरवताना दोर अपुरा पडून त्याचं टोक बिलेच्या उपकरणातून सुटणं हा बोल्टच्या मार्गांवरचा नेहमीचा अपघात, आणि तो टाळायला दोराच्या टोकाला एक गाठ पुरते. ती गाठ मारल्याशिवाय मी कुणालाही जमीन सोडू देत नाही.

वाळूचं आणखी एक वागणं लक्षात ठेवावं लागतं. वालुकाश्माखालची जमीन बारीक वाळूची. ती दोराच्या विणीत शिरते आणि आतून धागे कापते. वाळू शिरलेला दोर ॲल्युमिनियमच्या कॅराबिनरमधून सतत गेला की धातूला खाच पडते. म्हणून दोर जमिनीवर ठेवायचा नाही. त्यासाठी बाजारात खास पिशव्या मिळतात. आम्ही जुनी सोलापुरी चादर वापरतो. जाड विणीची ही चादर पसरली की वाळू वर येत नाही, मार्ग बदलताना चारी टोकं धरून दोरासकट उचलता येते, आणि बुटांचे तळवे पुसायला तिचीच कड कामी येते. आमच्या शहराच्या मागांवर विणलेल्या वस्तूचा असा उपयोग बंगळुरूहून आलेल्या एका गटानं पाहिला आणि पुढच्या हंगामात तेही दोन चादरी घेऊन आले होते, हे सांगताना मला आनंद होतो.

अन्नाच्या बाबतीतही आमचा मुलूख पुढे आहे. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, कांदा. एवढं असलं की तीन दिवसांचा मुक्काम निघतो. कडक भाकरीत पाण्याचा अंश उरत नाही, म्हणून ती खराब होत नाही. डब्यात रचून ठेवली की पिशवीत जागाही कमी लागते. मंगळवेढ्याच्या ज्वारीची असेल तर चवीला तोड नाही. महागडी चकचकीत वेष्टनातली बिस्किटं आणणाऱ्यांना मी काही म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच आमच्या डब्यात हात घालतात. बदामीच्या बाजारात कानडी बायका हीच कडक भाकरी आणि हीच चटणी विकतात, त्यामुळे संपली तरी चिंता नसते. तिथली माकडं मात्र याच डब्यांवर टपलेली असतात. अन्न उघड्यावर ठेवलं की गेलं, आणि माकडाला एकदा हातानं खायला दिलं की पुढच्या प्रत्येक गटाला त्याचा त्रास.

पाण्याचा हिशेब काटेकोर लागतो. चढाईच्या दिवशी पिण्याचं आणि रांधायचं धरून माणशी पाच लिटर, असं माझं प्रमाण आहे. ते गावातून भरून न्यायचं. लेण्यांसमोरच्या अगस्त्य तळ्याचं पाणी प्यायचं नाही. नुसतं पाणी ढोसूनही उपयोग नसतो, घामावाटे मीठ जातं, म्हणून मीठ-साखर-लिंबू सोबत. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आमच्या पिढीला आणि घरात पाणी साठवून, मोजून वापरणाऱ्या आजच्या मुलांना हे शिकवावं लागत नाही. ताटं वाळूनं घासायची, मग ओल्या फडक्यानं पुसायची, हे आमच्या गटात कुणालाही सांगावं लागलेलं नाही.

मुक्काम आम्ही कड्याखाली करत नाही. लेण्यांच्या, देवळांच्या परिसरात तर अजिबात नाही. शेतमालकाची परवानगी घेऊन त्याच्या पडीक तुकड्यावर राहतो. सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू कानावर पडतच मोठं झाल्यामुळे बोलणं अडत नाही. ज्यांच्या रानात आम्ही बहुतेक वेळा उतरतो ते अण्णा संध्याकाळी बांधावर येऊन पहिला प्रश्न करतात, “ऊट आतेन्री, अक्का?” जेवण झालं का, याच्या आधी दुसरं काही विचारायची तिकडे पद्धतच नाही. गेल्या खेपेला त्यांच्या धाकट्या मुलानं दोरावर चढून बघितलं आणि आमच्यातल्या निम्म्या लोकांपेक्षा सफाईनं चढला. अनवाणी.

रात्रीच्या बाबतीत मी कडक आहे. खडकाळ, कोरडी जमीन म्हणजे विंचू आणि फुरसं यांचं घर. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. म्हणून तंबूची चेन पूर्ण बंद, बूट आत, आणि अंधारात अनवाणी एक पाऊलही नाही. अतिनील प्रकाशाची छोटी विजेरी मिळते, तिच्या उजेडात विंचू हिरवट-निळे चमकतात. झोपायच्या आधी तंबूभोवती तिनं फेरी मारायची. ज्यांना हा अतिरेक वाटतो त्यांना मी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम वाचायला सांगते. लाल विंचवाचा दंश हृदयावर कसा घाला घालतो ते त्यांनी कोकणातल्या रुग्णांवर उपचार करता करता मांडलं, आणि प्रॅझोसिन या औषधाच्या वापरानं किती जीव वाचले ते जगातल्या वैद्यकीय नियतकालिकांनी छापलं. दंश झाला तर मंत्र, चिरा, झाडपाला काही नाही, सरळ रुग्णालय. तिथे पोचायचा रस्ता आणि वाहन दिवसाउजेडी ठरवून ठेवलेलं असतं.

दिवसाचा सगळ्यात मोठा धोका विंचू-सापाचा नाही, आग्या मोहोळाचा. मोठ्या कड्यांच्या पुढे आलेल्या छज्ज्यांखाली ही पोळी असतात. दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही, आणि शेकडो दंश म्हणजे मृत्यू. चढाईच्या आधी दुर्बिणीनं सगळी भिंत बघायची. पोळं दिसलं तर तो भाग सोडायचा, मग मार्ग कितीही मोहक असो. धूर नाही, आरडाओरडा नाही, उग्र वासाचं अत्तर नाही. माशा उठल्याच तर सामान तिथेच सोडून माणसाला पहिल्यांदा खाली घ्यायचं आणि तोंड झाकून लांब जायचं. आम्ही लाकडाची चूल पेटवत नाही याचं एक कारण या माशा. दुसरं कारण जानेवारीतलं वाळलेलं गवत. तिसरं असं की कड्याला लागून जाळ केला तर वालुकाश्माचे पापुद्रे सुटतात आणि काजळीचा डाग वर्षानुवर्षं जात नाही.

पावसाविषयी. हिवाळ्यातही कधी अवकाळी सर येते. बेसॉल्टवर चढणारा माणूस म्हणतो, ऊन पडलं, दगड सुकला, चला. वालुकाश्मावर असं चालत नाही. पाणी कणांच्या मधल्या फटींत शिरतं आणि पृष्ठभाग सुकला तरी आत ओल राहते. काही वालुकाश्मांची ताकद भिजल्यावर निम्म्याहूनही खाली येते. बदामीचा दगड त्यामानानं पुष्कळ घट्ट आहे, पण पातळ कडा आणि पापुद्रे इथेही तुटतात, आणि तुटलेली पकड परत येत नाही. जर्मनीत एल्बे नदीकाठच्या वालुकाश्मावर चढणाऱ्यांनी याचे नियमच करून ठेवलेत: ओल्या दगडावर चढायचं नाही, हातांना चढाईची पांढरी पूड लावायची नाही, भेगेत धातूचं उपकरण खुपसायचं नाही, दोरीची गाठ अडकवून त्यावर विसंबायचं. आपण एवढे कडक होऊ असं नाही. पण सर पडल्यावर निदान एक पूर्ण दिवस थांबायचं, हा आमच्या गटाचा नियम आहे आणि त्यापायी सुट्टी वाया गेली तरी आम्ही तो मोडत नाही. असे दिवस पट्टदकल, महाकूट बघण्यात जातात. पट्टदकलच्या देवळांसमोर उभं राहून हा दगड छिन्नीखाली कसा वागला असेल याचा अंदाज घेणं, हाही माझ्या मते शिक्षणाचाच भाग.

बोल्टच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. आहेत तेवढे मार्ग आपल्याला दहा वर्षं पुरतील. नवीन बोल्ट मारायची घाई करू नये; मारायचाच तर अनुभवी माणसांनी, गंज न चढणाऱ्या पोलादाचा, आणि संरक्षित स्मारकांपासून लांब. पकड सोयीची व्हावी म्हणून दगड तासणं हा मला गुन्हा वाटतो, मग कायदा काही म्हणो. तारेच्या ब्रशनं पकडी घासू नयेत, मऊ केसांचा ब्रश पुरतो. मार्गाच्या वरच्या टोकाला असलेल्या अँकरच्या कडीतून थेट दोर ओढत सगळ्या गटानं चढू नये, स्वतःचे दोन कॅराबिनर लावावेत, म्हणजे कडी झिजणार नाही. शौचाविषयीही उघड बोललं पाहिजे: कोरड्या जमिनीत घाण लवकर कुजत नाही, कड्याच्या पायथ्याला ती महिनोन्‌महिने राहते. गावातल्या स्वच्छतागृहात जा, नाहीतर पिशवीत भरून परत आणा. ज्या कड्यांखालून लोक देवीच्या दर्शनाला जातात, तिथे याहून वेगळं वागायचा आपल्याला अधिकार नाही.

टोकियो ऑलिंपिकपासून स्पोर्ट क्लाइंबिंग हा पदकाचा खेळ झालाय. त्यामुळे सोलापुरातले पालक आता मला विचारायला लागलेत की आमच्या मुलाला यात भवितव्य आहे का. मी त्यांना कृत्रिम भिंतीची गरज सांगते आणि ती मागायला माझ्याबरोबर चला म्हणते. पण तोवर आपल्याकडे रेल्वेचं एक तिकीट आणि लाल दगडाचं गाव आहे. ज्या घरांत माग चालले, विड्या वळल्या गेल्या, तिथल्या मुलांची बोटं पाहा. चिवट, नेमकी, न दमणारी. अशी बोटं असलेल्या शहरात चढाई रुजली नाही तर तो दोष शिकवणाऱ्यांचा.

या हंगामात येऊ म्हणणाऱ्यांसाठी थोडं. नोव्हेंबरची अखेर ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ चांगला. त्यात संक्रांतीची गड्ड्याची यात्रा आमच्या शहरात, आणि पौष पौर्णिमेच्या सुमारास बनशंकरीची जत्रा तिकडे. तेव्हा गाड्या आणि गाव दोन्ही भरलेली असतात, म्हणून त्याच्या आधी किंवा नंतर निघायचं. पहिल्या फेरीला येणाऱ्यानं स्वतःचा दोर विकत घेऊ नये, शिरस्त्राण मात्र स्वतःच्या मापाचं घ्यावं. पहिल्या दिवशी मी कुणालाच चढू देत नाही. प्रत्येकाला एक भिंत नेमून देते. तिच्यावर ऊन किती वाजता आलं, कुठून सरकलं, किती वाजता गेलं, हे तासातासाला वहीत लिहायचं आणि दर वेळी दगडाला तळहात लावून बघायचा. रात्री जेवताना सगळ्यांच्या नोंदी एकत्र करून दुसऱ्या दिवशीचा क्रम ठरतो, आणि त्यात माझं मत एकाच माणसाच्या मताइतकं धरलं जातं.